अगीनगाडीचा मोह

नव्याचें कौतुक आणि जुन्याची हळहळ हीं दोन्ही एकाच मनांत सुखानें नांदूं शकतात. मुंबईहून सोलापुरास व शिर्डीस जाणाऱ्या 'वंदे भारत' गाड्या १० फेब्रुवारी २०२३ रोजीं सुरू झाल्या, तेव्हां महाराष्ट्रानें त्यांचें स्वागत केलें, आणि तें योग्यच होतें. परंतु वातानुकूलित डब्यांत बसून वेगाची वाखाणणी करणारा हाच प्रवासी सुटी लागतांच दार्जिलिंगास किंवा उटकमंडास जातो, आणि पायीं चालणाऱ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेगानें कण्हत-कुंथत डोंगर चढणाऱ्या वाफेच्या गाडींत जागा मिळावी म्हणून धडपडतो. भारतांतील ब्रॉडगेज मार्गांवरून वाफेचें इंजिन १९९५ सालीं निघून गेलें. त्यानंतर जन्मास आलेलीं मुलें आतां स्वतः आईबाप होऊं लागलीं आहेत. तरीही त्यांच्या मुलांस आगगाडीचें चित्र काढावयास सांगितलें तर पहिल्या डब्यापुढें धुराडें आणि धुराड्यावर धुराची सुरळी हटकून येते. पहारा नसलेल्या फाटकाची सूचना देणाऱ्या रस्त्यावरील पाटीवर अजून वाफेचेंच इंजिन आहे. मराठी आई कडेवरच्या मुलाला लोकलगाडी दाखवितांना 'झुकझुक गाडी' म्हणते. वास्तविक त्या गाडीनें उभ्या आयुष्यांत एकदांही 'झुक' केलेलें नसतें.

या आकर्षणाचें मूळ कशांत आहे, आणि तें रसिकतेचें लक्षण समजावें कीं केवळ मनाच्या दुबळेपणाचें, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. एखादी वस्तु निरुपयोगी झाल्यावरही समाज तिच्यावर प्रेम करीत राहिला, तर त्यावरून त्या समाजास आपल्या उपयोगी वस्तूंमध्यें काय उणें वाटतें हें कळून येतें. म्हणून या मोहाचें थोडें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम विरुद्ध पक्षाची बाजू मांडूं. कारण ती बळकट आहे, आणि अगीनगाडीचे भक्त ती बहुधा ऐकून घेत नाहींत. वाफेचें इंजिन हें अत्यंत उधळें यंत्र होतें. कोळशांत जेवढी उष्णता असे तिच्यापैकीं शेंकडा दहा भागसुद्धां चाकांपर्यंत पोंचत नसत. बाकीची सारी धुराड्यावाटे आकाशास अर्पण होई. थंड पडलेलें इंजिन चालण्याजोगें करावयास कित्येक तास आधीं भट्टी पेटवावी लागे. वाटेंत ठिकठिकाणीं पाणी पाजावें लागे, राख काढावी लागे, वंगण घालावें लागे. आणि हें सर्व करणारा मनुष्य कोण? हलत्या फळीवर तोल सांभाळीत, एका बाजूनें भट्टीची आंच आणि दुसऱ्या बाजूनें वैशाखाचा वारा सोशीत, एकेका फेरींत टनावारी कोळसा फावड्यानें आंत लोटणारा फायरमन. पर्यटकाच्या छायाचित्रांत धूर येतो. त्या फायरमनच्या फुप्फुसांत गेलेली धूळ येत नाहीं.

प्रवाशाचें सुख म्हणावें तर तेंही याच मापाचें होतें. महात्मा गांधींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लेख लिहिला, त्यांतील गर्दी, घाण आणि अधिकाऱ्यांची बेपर्वाई यांचें वर्णन ज्यानें वाचलें असेल तो त्या काळास सुवर्णयुग म्हणण्यास धजणार नाहीं. त्याआधीं १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्या'मध्यें तर त्यांनीं आगगाडीसच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें होतें. याहून मागें जावें तर बोरघाट आहे. सदतीस फुटांस एक फूट अशी चढण असलेला तो मार्ग १८६३ सालीं खुला झाला. पण तो खोदतांना पटकी, ताप आणि सुरुंग यांनीं हजारों मजूर गिळले. १८५९ सालीं त्या कामाचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल येथें येतांच थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें तो मक्ता पुढें चालविला, ही हकीकत इतिहासांत नमूद आहे. मेलेल्या मजुरांचीं नांवें मात्र कोठेंही नमूद नाहींत. तेव्हां धुराच्या सुरळींत ज्यांना केवळ काव्य दिसतें त्यांनीं हा जमाखर्च एकदां डोळ्यांखालून घालावा.

हें सर्व मान्य करूनही मोह शिल्लक राहतो. त्याची पहिली आणि सर्वांत सोपी उपपत्ति अशी कीं, जुनें तें सोनें वाटतें, त्यांतलाच हा प्रकार. बाळपणाच्या आठवणी धुरांत मिसळल्या म्हणून धूर गोड झाला. ही उपपत्ति आम्हांस अपुरी वाटते. ज्या मुलानें वाफेचें इंजिन कधीं पाहिलेंच नाहीं त्याला कसली आठवण? शिवाय, इंजिन नवेंकोरें होतें तेव्हांही कलावंतांस त्यानें वेड लाविलेंच होतें. इंग्लंडांत टर्नरनें पावसांतून पुलावर धांवून येणारी गाडी रंगविली ती १८४४ सालीं, आणि त्या चित्राच्या नांवांतच त्यानें पाऊस, वाफ व वेग यांस एका ओळींत बसविलें. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकांतील निळसर वाफ मोनेनें चित्रामागून चित्रांत पकडली ती १८७७ सालीं. या दोघांपुढें जुनेपणाचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापुढें त्या क्षणाची सर्वांत आधुनिक वस्तु उभी होती. उलट त्याच १८४४ सालीं वर्ड्स्वर्थ कवि आपल्या सरोवरांच्या प्रदेशांत येऊं पाहणाऱ्या लोहमार्गाविरुद्ध लेखणी उचलीत होता. म्हणजे जी अगीनगाडी आज आपणांस शांत, संथ जीवनाचें प्रतीक वाटते, तीच त्यास शांतीचा भंग करणारी वाटली.

दुसरी उपपत्ति अधिक सूक्ष्म आहे, आणि ती आपल्या साहित्यशास्त्रास जवळची आहे. लौकिक सुखदुःखाचा संबंध सुटल्यावांचून अनुभवास रसाचें रूप येत नाहीं, असें आपले आलंकारिक सांगतात. घाईनें कचेरींत जाणाऱ्यास उशीर करणारें इंजिन सुंदर दिसत नाहीं. तेंच इंजिन कामावरून निवृत्त झालें, आतां त्याच्यावर कोणाची नोकरी किंवा कोणाचें लग्न अवलंबून नाहीं, असें झालें कीं त्याच्याकडे निर्हेतुक दृष्टीनें पाहतां येतें. यांत पुष्कळ तथ्य आहे. डोंगरावरच्या गाडींतील प्रवासी पोंचण्यासाठीं बसलेलाच नसतो. म्हणून तिचा विलंबही त्यास विलास वाटतो. परंतु निवृत्ति हेंच कारण असेल तर सर्वच निवृत्त यंत्रें सारखीं प्रिय व्हावयास पाहिजेत. तसें होत नाहीं. जुन्या डिझेल इंजिनाच्या सफरीसाठीं डोंगरावर झुंबड उडाल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

येथें एक उदाहरण मोठें बोलकें आहे. घाटाचें विद्युतीकरण झालें त्या काळीं जी. आय. पी. रेल्वेनें मालगाड्यांसाठीं विजेचीं मोठीं इंजिनें आणिलीं. त्यांपैकीं 'सर लेस्ली विल्सन' या नांवाचें एक दिल्लीच्या रेल्वे-संग्रहालयांत ठेविलें आहे. या इंजिनांस रेल्वेच्या माणसांनीं 'खेकडा' असें लाडकें नांव दिलें होतें. विजेच्या बहुतेक इंजिनांस असें नांव मिळालें नाहीं; यांनाच कां मिळालें? यांच्या चाकांस जोडणारे दांडे बाहेरून हलतांना दिसत. पाय हलवीत चालणारा प्राणी डोळ्यांस दिसला, आणि लोकांनीं त्याचें बारसें केलें. आमच्या मतें अगीनगाडीच्या मोहाची किल्ली येथें सांपडते. ती जुनी आहे म्हणून नव्हे, किंवा ती गेली म्हणूनही नव्हे, तर तिचे श्रम दिसतात आणि ऐकूं येतात म्हणून ती मनांत घर करते.

याचें मर्म तिच्या रचनेंतच आहे. नळकांड्यांतून काम करून बाहेर पडणारी वाफ एका अरुंद तोंडावाटे धुराड्यांत सोडलेली असते. ती वर उसळतांना आपल्याबरोबर भट्टींतील धूर ओढून नेते, आणि त्याची जागा भरावयास खालून ताजी हवा निखाऱ्यांत शिरते. म्हणजे इंजिन आपलाच भाता आपण चालवितें. ओझें वाढलें, चढण लागली, कीं अधिक वाफ खर्च होते. अधिक वाफेनें ओढ वाढते. ओढीनें आग अधिक भडकते. आणि आगीनें पुन्हां वाफ वाढते. जितके कष्ट तितकें तेज, असा हा हिशेब आहे. दोन नळकांड्यांच्या इंजिनांत चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास असे चार उच्छ्वास होतात. ज्यास आपण 'झुकझुक' म्हणतों तो हाच. रुळांपासून दूर शेतांत उभा असलेला मनुष्य नुसत्या आवाजावरून सांगूं शके कीं गाडी भरलेली आहे कीं रिकामी, चढत आहे कीं उतरत आहे, चाक घसरलें कीं पकड मिळाली, आणि ड्रायव्हरचा हात हलका आहे कीं जड. तो आवाज हें भूषण म्हणून लाविलेलें घुंगरूं नव्हतें. तें कामाचें प्रामाणिक निवेदन होतें. अग्नि, जल आणि वायु यांची झटापट उघड्यावर चाललेली, आणि तिला आवरणारीं दोन माणसें समोर दिसत आहेत, असा देखावा दुसऱ्या कोणत्या यंत्रानें सामान्य माणसास फुकट दाखविला?

विजेचें इंजिन याहून सर्व प्रकारें सरस आहे, हें सांगण्यास आम्ही कचरत नाहीं. 'वंदे भारत'च्या निम्म्या डब्यांखालीं मोटारी बसविलेल्या असल्यामुळें ती घाट चढतांना मागून ढकलणाऱ्या इंजिनाची मदत घेत नाहीं. हें स्थापत्याचें आणि यंत्रविद्येचें मोठें यश होय. परंतु या यशाचा कांहींच भाग प्रवाशाच्या इंद्रियांपर्यंत पोंचत नाहीं. घाट केव्हां लागला आणि केव्हां संपला हें खिडकींतून पाहिलें तरच कळतें. शक्ति दुसरीकडेच निर्माण होते आणि तारेंतून येते. येथें एक गोष्ट विसरूं नये: भारतांत वीज अजून बहुतांशीं कोळशापासूनच होते. धूर नाहींसा झाला नाहीं, तो प्रवाशाच्या डोळ्यांआड, चंद्रपूर आणि कोराडी येथील धुराड्यांवर गेला. एकाच टन कोळशांत आतां कितीतरी अधिक काम होतें, आणि सूर्य व वारा यांपासून होणाऱ्या विजेचा वांटाही वाढत आहे, हें निःसंशय हिताचें. परंतु अगीनगाडीचा प्रवासी ज्या कोळशाच्या जिवावर चालला होता तो त्याच्या डोळ्यांत उडत असे. आजच्या प्रवाशास आपण कोणाच्या आणि कशाच्या जिवावर चाललों आहों याचें विस्मरण पडण्याची सर्व सोय केलेली असते. चंद्रपूरचा रहिवासी ही सोय पूर्णपणें भोगत नाहीं.

आमच्या या मताची कसोटी पाहावयाची तर बहुरूप्याकडे वळावें. गुजरातेंत ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं एकतानगरची एक 'वारसा' गाडी सुरू झाली. तिचें इंजिन बाहेरून वाफेच्या इंजिनासारखें सजविलेलें, पण चालणारें विजेवर. हेतु लोकरंजनाचा आहे, त्याबद्दल तक्रार नाहीं. मात्र टीकाकारानें येथें स्पष्ट बोललें पाहिजे. वाफेच्या इंजिनाचें रूप हें त्याच्या कार्याचें रूप होतें. बंबाची गोलाई वाफेच्या दाबासाठीं होती, धुराडें ओढीसाठीं होतें, दांडे चाकांसाठीं होते. कार्य काढून घेऊन रूप तेवढें ठेवलें तर उरतो तो नाटकांतला मुकुट. जो या मुकुटावर संतुष्ट झाला त्याला अगीनगाडी आवडत नव्हती, अगीनगाडीचें चित्र आवडत होतें.

परंतु आमच्याही मतास एक मोठी अडचण आहे, आणि ती महाराष्ट्रांतल्या वाचकानें आतांपर्यंत ओळखली असेल. ती अडचण म्हणजे 'दख्खनची राणी'. १ जून १९३० रोजीं निघालेली ही मुंबई-पुणें गाडी पहिल्यापासून विजेची; धुराशीं तिचा संबंध नाहीं. तरी तिच्याइतकी माया दुसऱ्या कोणत्या गाडीस मिळाली? तिचे नेहमींचे प्रवासी दरवर्षीं १ जूनला तिचा वाढदिवस साजरा करतात. तसेंच मुंबईच्या लोकलचें. १९२५ सालीं विजेवर चालूं लागलेल्या या गाड्यांत आज भजनी मंडळ्या टाळ वाजवितात, भाजी निवडली जाते, सोयरिकी जमतात. येथें प्रेमाचें कारण यंत्राचें दृश्य श्रम नव्हेत, तर माणसांचा नित्य सहवास होय.

यावरून आम्हांस असें म्हणावेंसें वाटतें कीं, अगीनगाडीच्या नांवानें ज्याची आपण हळहळ करतों त्यांत दोन निरनिराळ्या वस्तु मिसळलेल्या आहेत. एक यंत्राचें आकर्षण. तें वाफेचें स्वतःचें आहे आणि तें दुसऱ्या कोणास उसनें देतां येत नाहीं. दुसरें प्रवासाचें आकर्षण: उघडी खिडकी, बाजूच्या माणसाशीं गप्पा, लहान गांवाच्या फलाटावरचा थांबा, स्वस्त तिकीट. हें दुसरें आकर्षण वाफेचें कधींच नव्हतें. तें केवळ वाफेच्या काळांत भेटलें म्हणून वाफेच्या खात्यावर मांडलें गेलें. खिडक्यांच्या कांचा कायमच्या बंद कराव्या, लहान स्थानकें टाळावीं, प्रवाशांनीं एकमेकांच्या पाठीकडे पाहत बसावें, असा विजेचा कोठलाही नियम नाहीं. या माणसांनीं केलेल्या निवडी आहेत, आणि माणसांनीं केलेली निवड माणसांस बदलतां येते.

ही फोड करणें अगत्याचें आहे, कारण ती न केल्यानें प्रत्यक्ष नुकसान होतें. विदर्भांत मूर्तिजापुराहून यवतमाळास व अचलपुरास जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोक प्रेमानें 'शकुंतला' म्हणत, ती १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनानें चाले. वाफेचें इंजिन गेलें तेव्हां हळहळ झाली. त्याच्या जागीं डिझेल आलें. आणि पुढें गेल्या कांहीं वर्षांत ती गाडीच थांबली. कापसाच्या गांवांतून अल्प पैशांत जाणाऱ्या शेतमजुरास धुराशीं कर्तव्य नव्हतें. त्यास गाडीशीं कर्तव्य होतें. बार्शी लाइट रेल्वेची हकीकत याच्या उलट आहे. १८९७ सालीं कॅलथ्रॉप या इंजिनिअराच्या योजनेनें अडीच फुटी रुळांवर ती सुरू झाली, पुढें पंढरपुरापर्यंत गेली, आणि वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिनें विठोबाच्या पायांशीं पोंचविल्या. तिचे रूळ आतां ब्रॉडगेज झाले. इंजिन गेलें, डबे गेले, पण वाट राहिली. रसिकानें कोणत्या गाडीसाठीं अधिक अश्रु ढाळावे? आमचें उत्तर असें कीं, जिचें इंजिन बदललें तिच्यासाठीं थोडे, आणि जी गाडीच बंद पडली तिच्यासाठीं पुष्कळ. दुर्दैवानें आपला वारसाप्रेमी वर्ग बहुधा याच्या उलट वागतो.

मग खऱ्या वाफेच्या इंजिनांचें काय करावें? तीं मोडींत काढावीं असें आम्ही म्हणत नाहीं. येथें इंग्लंडाकडून एक धडा घेण्यासारखा आहे. तेथील सरकारी रेल्वेनें ऑगस्ट १९६८ मध्यें मुख्य मार्गांवरील वाफेची राजवट संपविली. पण त्याच्याही आधीं, १९५१ पासून, वेल्समधील टॅलिथलिन नांवाची छोटी रेल्वे हौशी स्वयंसेवकांनीं आपल्या हातीं घेऊन चालविली होती. पुढें २००८ सालीं तर अशा हौशी मंडळींनीं 'टॉर्नेडो' नांवाचें सबंध नवें वाफेचें इंजिन बांधून रुळांवर आणलें. तेथल्या भक्तांस इंजिन नुसतें पाहावयाचें नव्हतें. त्यांना फावडें हातांत घ्यावयाचें होतें. ज्याचे श्रम दिसतात त्या यंत्राच्या श्रमांत भागी व्हावें, ही त्या आकर्षणाची स्वाभाविक परिणति आहे.

आपल्याकडेही साधनें नाहींत असें नाहीं. १८५५ सालचें 'फेअरी क्वीन' इंजिन १९९७ मध्यें पुन्हां चालतें झालें. हरियाणांतील रेवाडीच्या शेडमध्यें वाफेचीं इंजिनें जपलेलीं आहेत. दार्जिलिंगची १८८१ सालची रेल्वे १९९९ मध्यें जागतिक वारशांत गेली. पाठोपाठ २००५ मध्यें निलगिरीची गेली. चित्तरंजनच्या कारखान्यानें १९५० सालीं 'देशबंधु' या इंजिनापासून आरंभ केला आणि आपल्या शेवटच्या ब्रॉडगेज वाफेच्या इंजिनास 'अंतिम सितारा' हें नांव दिलें. बनविणाऱ्यांच्या मनांतही कांहीं कालवलें असलें पाहिजे. परंतु लोखंड जपणें सोपें, हात जपणें कठीण. भट्टींत कोळसा कोठें पातळ पसरावा आणि कोठें दाट, पाणी केव्हां घ्यावें, आवाजावरून दोष कसा ओळखावा, हें ज्ञान पुस्तकांत फार थोडें आहे. तें बहुतेक जुन्या ड्रायव्हर-फायरमनांच्या अंगांत होतें, आणि ते एकामागून एक काळाच्या पडद्याआड चालले आहेत. त्यांच्याजवळ चार तरुणांस बसविण्याचा खर्च एखाद्या इंजिनास पुन्हां रंग देण्याच्या खर्चाहून मोठा नसावा. चालविणारा हात गेला कीं इंजिन पुतळा होतें, आणि पुतळ्यावर कावळे बसतात.

तात्पर्य, अगीनगाडीचा मोह हा लाजिरवाणा मोह नव्हे. पण तो डोळसपणें बाळगावा. तिच्यावर प्रेम करतांना ज्यांनीं घाट खोदला आणि ज्यांनीं भट्टी भरली त्यांस विसरूं नये. कारण श्रम दिसतात म्हणून ती आपणांस आवडते, आणि त्या श्रमांतला माणूसच वगळला तर आवड खोटी ठरते. नव्या गाडीस शिव्या देऊन जुन्या गाडीची थोरवी वाढत नाहीं. नव्या गाडीजवळ मागावयाचें तें धूर आणि शिट्टी नव्हे. उघडी खिडकी, लहान गांवचा थांबा आणि गरिबास परवडेल असें तिकीट एवढें मागावें, आणि तें नेटानें मागावें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली तेव्हां तींत सुमारें चारशें निमंत्रित बसले होते. त्यानंतर ती निमंत्रितांची राहिली नाहीं, सर्वांची झाली. आगगाडीच्या इतिहासांत आम्हांस सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे. इंजिनाच्या पोटांत आग असो वा वीज असो, ती पुन्हां निमंत्रितांची होऊं नये, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.